तिसरा रकाना

मॅडम,

तुमची निळी फाईल तुमच्या आईंनी, माईंनी, आज सकाळी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, वाच. मी म्हटलं, आधी चहा टाकते. चहाची काही घाई नव्हती. हात कापत होते, ते गॅसपाशी उभं राहून लपवायचे होते. चहा झाला, गॅस बंद केला, परत जाऊन बघितला, आणखी एकदा बघितला. तुम्ही असतात तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला असतात, "शालन, तीनदा बघून झालं ना? आता बस."

म्हणून बसले. तुम्ही गेलात त्याला आज एकवीस दिवस झाले, आणि मी मयूर विहारच्या तुमच्या घरात, तुमच्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. तुमच्या खुर्चीत बसणं तोवर जमलं नव्हतं.

इथल्या, दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर काही यावं असं ठरलं, तेव्हा त्यांनी माईंना विचारलं, कोण लिहील. फौजेत तुमच्याबरोबर नोकरी केलेले मोठमोठे साहेब आहेत, त्यांच्यापैकी कोणाचं तरी नाव निघेल असं मला वाटलं होतं. माई म्हणाल्या, शालन लिहील. मी जिंतूरची, नववीतून शाळा सुटलेली, तुमच्या ऑफिसातली शिपाई. मी म्हटलं, माई, माझं शुद्धलेखन बघितलंय का तुम्ही? तर म्हणाल्या, ते तपासायला त्यांच्याकडे माणसं आहेत, माझ्या बबीबद्दल सांगायला नाहीत.

तुमची पोस्टिंग कुठेकुठे झाली, कोणत्या सालात काय मिळालं, हे दुसरं कोणीतरी तारखांसकट लिहील. मला तारखा पाठ नाहीत. मला तुमचे कागद पाठ आहेत. आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय, त्या हिरव्या दिव्याची. नऊ वर्षं राहिलीय. ती आज इथे सांगून टाकायची असं ठरवून बसलेय. बघू, धीर होतो का.

तुमच्या खोलीत पहिल्यांदा आले ती टपाल घेऊन. आमचे हे तुमच्याच शाखेत लाइनमन होते, टेलिफोनच्या तारा टाकायचे. गाडीच्या अपघातात ते गेले आणि मला दिल्लीत ही नोकरी मिळाली. चार वर्षांची पोर, एक ट्रंक आणि सिनेमात ऐकलेली हिंदी, एवढं घेऊन मी आले. ऑफिसात सगळे मधून चालायचे, मी भिंतीच्या कडेनं चालायचे. कोणी "सुनो" म्हटलं तरी वाटायचं, आता काय चुकलं.

तुम्ही तेव्हा मेजर होतात. माझं आडनाव वाचून तुम्ही एकदम मराठीतच विचारलंत, वाचता येतं ना? मी म्हटलं, नववीपर्यंत झालंय. "मग बस." मी उभीच. मेजरसमोर शिपायानं बसायचं असतं की नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "उभं राहून वाचलंस तर घाई करशील. बस."

कोपऱ्यात एक कॉम्प्युटर होता, कशालाच न जोडलेला, फक्त सरावाचा. तुम्ही माझ्या हातात हिंदीतला एक कागद दिलात. मशीन अडकली तर ती बंद करून परत कशी सुरू करायची, त्याच्या ओळी होत्या. यात लिहिलंय तसं कर, म्हणालात, मी मधे एक शब्द बोलणार नाही. तीन ओळी नीट झाल्या. चौथी होती, केबल निकालें. मागे तीन केबली होत्या. मी तिन्ही उपटल्या.

दारात तुमच्या हाताखालचे कॅप्टनसाहेब उभे होते, ते जोरात हसले. तुम्ही हसला नाहीत. पेन घेतलंत, ती ओळ खोडलीत आणि वर लिहिलंत, सिर्फ़ पीली केबल निकालें. मग मला मराठीत म्हणालात, "चूक तुझी नाही, कागदाची. माणूस चुकला की कागद दुरुस्त करायचा." मराठीत का, ते मला नंतर कळलं. कॅप्टनसाहेबांसमोर मला समजावताय असं दिसू नये म्हणून.

त्या संध्याकाळी बसमध्ये उभ्या उभ्या ते वाक्य मी मनात कितीदा घोळवलं. शाळेत कोणी मला असं म्हटलं असतं तर मी दहावीपर्यंत तरी टिकले असते, असं वाटलं. मग वाटलं, नसते टिकले, घरची परिस्थितीच तशी होती. पण कोणी म्हणायला पाहिजे होतं.

तुमचं काम नक्की काय, हे मला कधी पूर्ण कळलं नाही, आणि कळू नये अशीच ती जागा होती. आतल्या दाराच्या पलीकडे मी पाऊल टाकलं नाही. मला कळलं ते एवढंच. लांब कुठेतरी, बर्फात नाहीतर वाळूत, एक जवान मशीनपुढे बसलेला आहे. ती मशीन बंद पडली की त्याला इकडचं काही कळत नाही आणि इकडे त्याचं काही कळत नाही. जाणकार माणूस तिथे पोचेपर्यंत दोन दोन दिवस. तोवर त्याच्यापाशी असतो फक्त एक कागद, आणि तो कागद तुम्ही लिहायचात. तुम्ही म्हणायचात, तिथे तो एकटा असतो, दमलेला असतो, बोटं गारठलेली असतात, आणि माझ्याइतकं शिकलेला नसतो. मग हा कागद तपासून कोणाकडून घेऊ, कॅप्टनकडून?

म्हणून माझ्याकडून. आठवड्यातून एक-दोनदा, जेवणाच्या सुट्टीनंतर, मी तुमच्या खोलीत बसायची. कागद शेवटपर्यंत न अडखळता पार पडला की खाली 'जाँच' लिहिलेलं असायचं, तिथे माझी सही. हजेरीच्या रजिस्टरापलीकडे माझी सही कशाला लागते, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. सही मी जरा तिरकी करायला लागले होते, तुमच्यासारखी. तुमच्या लक्षात आलं होतं. 

गावाकडे लोकांना वाटायचं, फौजेतली बाई म्हणजे खांद्यावर बंदूक. इथे सोसायटीतसुद्धा एकांनी तुम्हाला विचारलं होतं, गोळी कधी चालवलीत का. तुम्ही म्हणालात, मी निरोप पोचवते. ते जरा हिरमुसले. मग लिफ्टमध्ये तुम्ही मला म्हणालात, "निरोप पोचला तर माझी आठवण कोणाला येत नाही. नाही पोचला तर सगळ्यांना येते. अशी नोकरी आहे ही." हे सांगताना तुम्ही खूश होतात. मला ते तेव्हा समजलं नव्हतं. आता समजतं. पाणी न चुकता येणाऱ्या घरात नळाचं कौतुक कोण करतं?

पहिल्या पहिल्या कागदांना दोनच रकाने असायचे. काय करायचं, आणि केल्यावर काय दिसेल. मी प्रत्येक ओळीला विचारायची, आणि नाही झालं तर? बटण दाबलं आणि अडकून बसलं तर? मधेच लाईट गेली तर? पिवळी केबल मळून काळी झाली असेल तर? कॅप्टनसाहेब उसासे टाकायचे. मलाही माझी लाज वाटायची, पण तोंडातून निघून जायचं. माझी आई म्हणायची, हिच्या जिवाला नुसता घोर. आमचे हे म्हणायचे, तू स्वर्गात गेलीस तरी आधी दाराची कडी बघशील. सगळे कंटाळायचे. तुम्ही एक दिवस पट्टी घेतलीत, कागदावर आणखी एक उभी रेघ मारलीत आणि वर लिहिलंत, नहीं हुआ तो. म्हणालात, हा रकाना तुझा.

पुढे बाहेरचे अधिकारी आले की तुम्ही त्यांना दाखवायचात, "यह हमारा शालन कॉलम है." मी ट्रे घेऊन तिथेच उभी असायची, आणि कुठे बघावं मला कळायचं नाही. मॅडम, माझ्या भीतीला जागा देणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं, घाबरू नकोस. तुम्ही सांगितलंत, घाबर, आणि इथे लिही.

तरी आपलं भांडण ह्याच्यावरूनच झालं. एकदा कॉरिडॉरमधून जाताना मी कॅप्टनसाहेबांना कोणाला तरी सांगताना ऐकलं, मैडम का तरीका है, जिसका दिमाग सबसे कम हो उससे चलवा लो. दोन दिवस मी तुमच्याशी हो-नाहीपलीकडे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मॅडम, मला अडाणी म्हणून निवडलंत ना?"

तुम्ही पेनाचं टोपण लावलंत. "अडाणी म्हणून नाही. तू घाबरतेस म्हणून. न घाबरणारी माणसं ओळी गाळतात."

मी निम्मं मानलं. निम्मं मानलं नाही, हे तुम्हालाही दिसलं असणार, कारण त्यानंतर तुम्ही दहावीच्या मागे लागलात. दरवर्षी बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म तुम्ही स्वतः आणायचात. मी म्हणायची, मी शिकले तर तुमचे कागद तपासणार कोण? पहिल्या वर्षी तुम्ही हसलात. दुसऱ्या वर्षीही थोडंसं. तिसऱ्या वर्षी म्हणालात, माझ्या कागदाआड लपू नकोस, शालन. मला राग आला. तो फॉर्म मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि तुम्ही परत विषय काढलात की मी टपाल आठवून उठायची. ते भांडण तसंच राहिलं. कोण जिंकलं ते ठरायच्या आत तुम्ही उठून गेलात.

आता हिरवा दिवा.

नवीन मशीन आल्या होत्या आणि त्यांचा कागद घाईनं हवा होता. वरून फोनवर फोन येत होते. त्या आठवड्यात मी तो कागद रोज चालवला, दहा वेळा तरी. सहावी ओळ होती, हरी बत्ती जलने तक रुकें, फिर बटन दबाएँ. पहिल्या दिवशीच मला दिसलं की हिरवा दिवा एकदा क्षणभर लागतो, विझतो, आणि मग थोड्या वेळानं परत लागून राहतो. पहिल्यांदा लागतो तेव्हा बटण दाबलं तर मशीन गप्प बसते. दुसऱ्यांदा लागल्यावर दाबायचं. मी पहिल्या दिवशी एकदा चुकले, तेव्हा तुम्ही फोनवर होतात, तुम्ही बघितलं नाहीत. मी परत केलं, जमलं. त्यानंतर माझा हात आपोआप दुसऱ्या दिव्यासाठी थांबायला लागला.

मी सांगणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण खोलीत ब्रिगेडियरसाहेब बसले होते, कॅप्टनसाहेब होते, तुमचं अर्धं लक्ष फोनकडे. मला वाटलं, हे मॅडमना ठाऊक असणारच. इतकी शिकलेली माणसं, त्यांना दिवा दोनदा लागतो हे माहीत नसेल? मीच काय सांगायचं? ज्या बाईनं केबलीपासून लाईटपर्यंत प्रत्येक ओळीला प्रश्न विचारला होता, ती त्या ओळीला गप्प बसली. तिसऱ्या रकान्यात तिथे काहीच लिहिलं गेलं नाही. खाली माझी तिरकी सही.

महिनाभरानं एका चौकीवर मशीन अडकली. तिथल्या जवानानं कागद काढला, एकेक ओळ केली, आणि हिरवा दिवा लागल्याबरोबर बटण दाबलं. पहिल्या दिव्याला. त्यानं कागदाबाहेर काही केलं नव्हतं. कागदानं सांगितलं तेच केलं, परत परत केलं, आणि दर वेळी मशीन गप्प. सकाळपासून दुपारपर्यंत त्या चौकीचा पत्ता नव्हता. कोणाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण चौकशी झाली.

मी बाहेरच्या बाकावर बसले होते, दार पूर्ण लागलेलं नव्हतं. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, खाली सही कोणाची आहे, आणि एका शिपायाकडून कागद तपासून घ्यायची ही काय पद्धत. मला वाटलं, आता तुम्ही माझं नाव घेणार, घ्यायलाच पाहिजे. तुमचा आवाज नेहमीसारखाच आला, "जिसे समझाना है, उसी से तो पूछेंगे, सर. कागज़ मेरा है. गलती कागज़ की है." झालं. माझं नाव त्या खोलीत आलंच नाही.

तुमचं ते वाक्य मला आधार होतं, मॅडम, पण त्या एका वेळी ते खोटं होतं. चूक कागदाची नव्हती. कागदाला दिसत नाही, मला दिसलं होतं.

दोन दिवसांनी मी ठरवून आले, सांगायचं. तुम्ही नवीन कागद लिहीत बसला होतात. हरी बत्ती दो बार जलेगी, पहली बार पर कुछ न करें. माझ्याकडे सरकवलात, म्हणालात, वाच. मी वाचला. करून दाखवला. सही केली. तुम्ही जरा वेळ माझ्याकडे बघत राहिलात, की मला तसं वाटलं, देव जाणे. तुम्ही काही विचारलं नाहीत. मी टपाल घेऊन बाहेर आले.

त्याच्या पुढच्या वर्षी बढतीचं बोर्ड बसलं आणि फुल कर्नलसाठी तुमचं नाव निघालं नाही. मी विचारलं, त्या कागदामुळे का? तुम्ही म्हणालात, त्याचा काही संबंध नाही, जागा कमी असतात आणि माणसं जास्त. खरं असेल. तुम्ही खोटं बोलायचा नाहीत, पण दुसऱ्याचं ओझं हलकं करायला अर्धं बोलायचात, हे मी पंधरा वर्षांत ओळखलं होतं. त्या दिवसापासून मी ते ओझं धरून आहे. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नवा कागद घेऊन माझी वाट बघत होतात.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा मला वाटलं, संपलं. आता आपली गाठ कशाला पडतेय? त्याच आठवड्यात तुमचा फोन. "रविवारी ये. माईसाठी इन्व्हर्टरचा कागद लिहिलाय, तपासायचाय."

तिथून आपले रविवार सुरू झाले. मेट्रोनं यायचं, येताना आय.एन.ए. मार्केटमधून कढीपत्ता आणि मिळाला तर ओला नारळ. इन्व्हर्टरचा कागद, गीझरचा कागद, व्हिडिओ कॉलचा कागद, माईंच्या गोळ्यांचा कागद. सगळे मराठीत, मोठ्या अक्षरांत, तीन रकान्यांचे. ऑफिसात तुम्ही आत आलात की माणसं खुर्चीतून उठायची. इथे माई म्हणायच्या, बबी, ओला टॉवेल पलंगावर टाकू नकोस. आणि तुम्ही मुकाट्यानं उचलायचात. ते बघायला मी एवढ्या लांबून आले असते, कागद नसते तरी.

माईंना कागदांचा भारी राग. म्हणायच्या, सत्तर वर्षं वरण लावतेय, आता ही मला कुकरचा कागद वाचायला लावणार. तुम्ही ऐकलं नाहीत, लिहिलातच. तीन शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करावा. त्याच्या तिसऱ्या रकान्यात माईंनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं, नाही झालं तर : पिठलं करावं. तो कागद अजून फ्रिजवर आहे. तुम्ही त्याच्या खाली तपासणी म्हणून माझी सही घेतलीत. माईंचा पाठभेद मान्य, म्हणालात.

तुम्ही गेलात त्या दुपारी माई एकट्याच होत्या. मी ऑफिसात. तुम्ही सोफ्यावरून खाली घसरलात तेव्हा माईंनी आरडाओरड केली नाही. दारामागे लावलेला कागद त्यांना पाठ होता. आधी दाराची कडी काढली. मग फोन. मग पत्ता, तुम्ही लिहून ठेवला होतात तसा, फाटक कुठलं, लिफ्ट कुठली. मग मला. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईनं एक ओळ गाळली नाही. अँब्युलन्स वेळेत आली. तरीही नाही झालं.

मी पोचले तेव्हा माई म्हणाल्या, "कागद बरोबर होता गं. मीही बरोबर केलं." मी म्हटलं, हो माई. एवढंच बोललो आम्ही. कधी कधी कागदही बरोबर असतो आणि माणूसही बरोबर असतो, हे तुम्ही मला शिकवलं नव्हतंत. हे माईंनी शिकवलं.

तर आज सकाळची गोष्ट. फाईल मी पहिल्यापासून वाचली, प्रत्येक कागद. शेवटून दुसरा गोळ्यांचा होता, आणि अगदी शेवटी एक कागद मी कधी न तपासलेला. वर लिहिलं होतं, ही फाईल तपासायची असेल तेव्हा. माईंसाठी होता. त्यांनी तो आधीच भिंग घेऊन वाचला होता, आणि सकाळपासून त्याच्याबरहुकूम चालल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

पहिली ओळ : शालनला बोलव. चहा तिलाच करू दे, त्यानं तिचे हात थांबतात.

दुसरी ओळ : फाईल तिच्यापुढे ठेव. घाई करू नकोस.

तिसरी ओळ : वाचून झाली की विचार, काय दिसलं?

तिसरा रकाना मला अजून दिसला नव्हता, माईंचा हात त्यावर होता. त्यांनी विचारलं, काय दिसलं? मी म्हटलं, सगळं ठीक आहे, माई. मग त्यांनी हात काढला आणि तिथे बोट ठेवलं.

नाही बोलली तर : पुन्हा विचार. तिला दिसलेलं असतं. मी एकदा विचारायची राहिले होते, ती चूक माझी.

मॅडम, मी तो रकाना किती वेळ वाचत होते, मला सांगता येणार नाही. चहावर साय आली. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी तुम्ही बघत होतात ते मला उगाच वाटलं नव्हतं. नऊ वर्षं मी ज्याला माझी चूक म्हणत होते, ती तुम्ही तुमच्या नावावर लिहून ठेवली होतीत, आणि नुसती लिहून ठेवली नव्हतीत, तिचा इलाजही शेजारच्या रकान्यात मांडला होतात. पुन्हा विचार. एवढाच इलाज.

माईंनी पुन्हा विचारलं, "शालन, काय दिसलं?"

दिसलं होतं. चहा करताना ओट्यावरचा गोळ्यांचा डबा बघितला होता. कागदावर लिहिलंय, नाश्त्यानंतर गुलाबी गोळी एक. डब्यात नवी पट्टी होती, दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची दिलेली, आणि तिच्यातल्या गोळ्या पांढऱ्या. पट्टी पूर्ण भरलेली. मी बघितलं, आणि मनात काय आलं माहितीय? माईंना ठाऊक असणारच. अगदी तेच वाक्य. त्याच आवाजात.

मी सांगितलं. माई म्हणाल्या, "अगं बाई, मला कुठलं ठाऊक? गुलाबी संपल्या म्हणून मी चार दिवस घेतलीच नाही. वाटलं, बबीनं तेवढ्याच ठरवल्या असतील."

मग डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, औषध तेच आहे, आजची आत्ता द्या, संध्याकाळी दाब मोजून कळवा. गोळी दिली. पाण्याचा ग्लास धरून उभी होते तर माई म्हणाल्या, गिळली गं, तोंड उघडून दाखवू का? मी म्हटलं, दाखवा. त्यांनी खरंच दाखवलं, आणि मग आम्ही दोघी हसलो. तुमच्या घरात एकवीस दिवसांनी कोणीतरी हसलं.

मी कागदावरची गुलाबी खोडली. औषधाचं नाव पट्टीवर बघून मोठ्या अक्षरात लिहिलं, माईंना तीनदा वाचायला लावलं. शेजारी लिहिलं, नाही सापडली तर : शालनला फोन, रविवारची वाट बघू नये. माझे रविवार तसेच राहणार आहेत. स्वयंपाकाला बाई येते, शेजारपाजारची माणसं चांगली आहेत, पण कागद तपासायला मीच येईन. आणि ड्रॉवरमधला दहावीचा फॉर्म आता जुना झालाय, नवा आणावा लागेल. भीती वाटतेच. पण तिची जागा आता मला माहीत आहे.

शेवटच्या कागदावर खाली 'तपासणी' लिहून तुम्ही रेघ मोकळी सोडली होतीत. मी तिथे सही केली. तिरकी. मग तुमच्या खुर्चीत बसले, आणि सहीच्या खाली थोडी जागा होती तिथे, कोणी न विचारता, एक ओळ लिहिली.

हिरवा दिवा दोनदा लागतो, मॅडम. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.